कॅटलॉगमधली किंमत आणि नोटेची खरी किंमत: आवृत्ती बदलली की नेमके काय बदलते?

धागाकर्ता: कागदवेल

गेली बावीस वर्षे मी जगभरच्या कागदी नोटा जमवतो आहे आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. वहीत प्रत्येक नोटेसमोर तिचा पिक क्रमांक (जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमधला तिचा क्रमांक), मी ठरवलेला दर्जा (नोट किती कोरी किंवा वापरलेली आहे ते), विकत घेतानाची किंमत आणि कॅटलॉगमधली किंमत असे चार रकाने आहेत. गेल्या महिन्यात मी पाचवा रकाना आखला आणि हाताशी असलेल्या सर्वांत अलीकडच्या आवृत्तीतल्या किमती त्यात उतरवून काढल्या. अकरा वर्षांच्या अंतराने छापलेल्या दोन आवृत्त्यांचे आकडे असे शेजारी शेजारी आल्यावर जे दिसले, त्यावर जाणकारांचे मत हवे आहे.

जवळजवळ निम्म्या नोटांची किंमत अकरा वर्षांत एका सेंटनेही हललेली नाही. काही नोटांची दुप्पट किंवा तिप्पट झाली आहे आणि मोजक्या काही नोटांची चक्क उतरली आहे. ज्या नोटा मला आता कुठेच दिसत नाहीत त्यांच्यापैकी कित्येकींची किंमत जागची हललेली नाही, आणि ज्या प्रत्येक लिलावात पाच-सहा तरी असतात त्यांतल्या काहींची मात्र वाढली आहे. त्यातच मी माझ्याकडच्या बारा दुबार नोटा एका व्यापाऱ्याला विकल्या. नव्या आवृत्तीप्रमाणे त्यांची जी बेरीज होत होती, तिच्या जेमतेम एक तृतीयांश रक्कम माझ्या हाती पडली. व्यवहारात फसवणूक झाली असे मला वाटत नाही. पण मग वहीच्या पाचव्या रकान्यात मी अकरा वर्षांची म्हणून जी वाढ पाहत होतो ती नेमकी कशाची होती, हा प्रश्न उरतोच.

माझे स्वतःचे मत असे बनत चालले आहे की कॅटलॉगमधला क्रमांक आणि कॅटलॉगमधली किंमत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एकीवरचा विश्वास नकळत दुसरीवर टाकतो. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने देशोदेशींच्या नोटा ज्या शिस्तीने लावल्या, त्या शिस्तीवर १९७५ साली ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड पेपर मनी’ची पहिली आवृत्ती निघाली. पुढे त्याचे तीन खंड झाले: खास (प्रांतिक, खासगी बँकांच्या वगैरे) नोटांचा एक, १३६८ ते १९६० या काळातल्या सर्वसाधारण नोटांचा दुसरा आणि १९६१ नंतरच्या नोटांचा तिसरा. १३६८ हे वर्ष चीनमधल्या मिंग राजवटीच्या आरंभाचे आहे, हे कळले तेव्हा मला त्या कोरड्या शीर्षकाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली होती. आज जगातले कोणतेही दोन संग्राहक एकमेकांची भाषा न जाणताही पिक क्रमांकावरून एकाच नोटेविषयी बोलू शकतात. हे ऋण मोठे आहे. पण त्याच पानावर, त्याच ओळीत, त्याच टाइपात छापलेली किंमतही तितकीच पक्की असते का?

प्रतिसाद: जलचिन्ह

आपल्या वहीतला ‘मी ठरवलेला दर्जा’ हा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण किमतीतला बदल बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो. कॅटलॉग एका नोटेची एक किंमत कधीच देत नाही. जुन्या नोटांना साधारणपणे तीन दर्जांच्या आणि नव्या नोटांना दोन दर्जांच्या किमती असतात. मधले दर्जे आपण अंदाजाने भरून काढतो आणि तो अंदाज बहुधा स्वतःच्या बाजूने झुकलेला असतो.

आंतरराष्ट्रीय बँकनोट संस्थेने, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेल्या आयबीएनएसने, दर्जांच्या ज्या व्याख्या दिल्या आहेत त्या शब्दशः पाळायच्या म्हटल्या तर किती कठोर आहेत ते पाहावे. ‘यूएनसी’ म्हणजे जिच्यावर हाताळणीची कोणतीही खूण नाही अशी कोरी करकरीत नोट. ‘एयू’ नोटेच्या कोपऱ्यावर बँकेत मोजताना पडलेली किंचितशी दुमड चालते किंवा मधोमध एक हलकी घडी चालते. दोन्ही असल्या तर ती नोट एयू राहत नाही. ‘ईएफ’ म्हणजे जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या किंवा एक ठसठशीत घडी. त्याच्या खाली ‘व्हीएफ’, मग ‘एफ’, मग ‘व्हीजी’, म्हणजे क्रमाने अधिकाधिक वापरलेल्या नोटा. एफ दर्जाच्या नोटेची कड थोडी फाटलेली असली तर चालते, पण ती फाट आतल्या नक्षीपर्यंत जाता कामा नये.

आता असे समजा की एखाद्या जुन्या नोटेची व्हीएफ दर्जाची किंमत १० आहे आणि यूएनसी दर्जाची ६०. अकरा वर्षांनी व्हीएफची १० राहिली आणि यूएनसीची १५० झाली. ‘नोट अडीचपट झाली’ असे म्हणणारा संग्राहक खोटे बोलत नसतो, पण त्याच्या संग्रहातली नोट मधल्या घडीमुळे एयू असेल तर ती त्या अडीचपटीत पूर्णपणे धरता येत नाही आणि व्हीएफ असेल तर मुळीच धरता येत नाही. गेल्या काही दशकांत वाढ झाली ती मुख्यतः वरच्या टोकाला. खालच्या दर्जाच्या नोटा आहेत तिथेच राहिल्या, काही घसरल्याही, कारण आता लोक पाकीट भरण्यापेक्षा एकच चांगली नोट घेणे पसंत करतात.

तेव्हा माझी विनंती अशी की वहीतल्या ज्या नोटांची किंमत वाढलेली दिसते आहे, त्या पुन्हा बाहेर काढून उजेडात तपासा. बावीस वर्षांपूर्वी आपण ज्या नोटेला यूएनसी लिहिले, तिला आज आपणच तसे लिहाल का?

प्रतिसाद: सातवी आवृत्ती

न हललेल्या किमतींविषयी थोडे सांगतो. मी काही वर्षे एका देशाच्या नोटांच्या किमतींची यादी तपासून पाठवण्याचे काम हौसेने केले आहे. सगळ्या जगाचा कॅटलॉग म्हणजे हजारो नोटा आणि त्यांच्या प्रत्येक सहीच्या, तारखेच्या आणि रंगाच्या उपप्रकारांच्या ओळी. संपादक कितीही कष्टाळू असला तरी प्रत्येक ओळ प्रत्येक आवृत्तीत नव्याने तपासणे माणसाच्या आवाक्यातले नसते. ज्या देशाच्या नोटांना मागणी आहे आणि ज्यांचा जाणकार यादी पाठवतो, त्या पानांवर आकडे हलतात. बाकीच्या पानांवर जुना आकडा पुढच्या आवृत्तीत जसाच्या तसा जातो. म्हणून अकरा वर्षे स्थिर राहिलेल्या किमतीचा अर्थ ‘बाजार स्थिर आहे’ असा लावण्याआधी ‘या ओळीकडे कुणी पाहिले का’ असे विचारावे. आपल्याला कुठेच न दिसणाऱ्या नोटांची किंमत जागची न हलण्याचे कारणही बहुधा हेच आहे. जी नोट विक्रीलाच येत नाही, तिचा नवा व्यवहार नाही, आणि व्यवहार नाही म्हणून नवा आकडा नाही.

दुसरे असे की कॅटलॉगमधली किंमत ही किरकोळ विक्रीची अंदाजे किंमत असते. त्या दर्जाची नोट व्यापाऱ्याकडून घेताना गिऱ्हाईकाला साधारण किती द्यावे लागतील, एवढेच ती सांगते. आपण विकायला गेलो की काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभे असतो. व्यापाऱ्याला ती नोट महिनोन्‌महिने सांभाळायची असते, तिच्यावरचा नफा काढायचा असतो आणि आपल्या बारा नोटांपैकी चार कदाचित कधीच विकल्या जाणार नाहीत हेही धरायचे असते. स्वस्त नोटांच्या बाबतीत तर छापलेला आकडा प्रत्यक्षात नोटेचा नसतोच. एक-दोन डॉलरच्या नोटेत नोट शोधणे, तपासणे, पाकिटात घालणे आणि पाठवणे यांचीच किंमत अधिक असते. अशा शंभर नोटांची कॅटलॉगप्रमाणे बेरीज करून संग्रहाचे मोल ठरवणे म्हणजे शंभर वेळा पाठवणीचा खर्च मिळवत जाणे होय.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. २०१९ साली मूळ प्रकाशकाचा समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि त्या कॅटलॉगच्या छापील आवृत्त्यांचा नेमाने निघण्याचा क्रम मोडला. त्यामुळे आज ज्यांच्या हाती ‘सर्वांत अलीकडची’ आवृत्ती आहे, ती बऱ्याचदा कित्येक वर्षांपूर्वीची असते. छापायला जाण्याआधी काही महिने किमती गोळा होतात हे धरले तर ती त्याहूनही जुनी ठरते.

प्रतिसाद: पानगळ

किंमत उतरण्याविषयी कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. नोटेची किंमत उतरण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे न वापरलेली गड्डी बाहेर येणे.

एखाद्या नोटेच्या वीसच प्रती माहीत असतात आणि त्यावर किंमत उभी असते. मग एखाद्या जुन्या तिजोरीतून, छापखान्याच्या गोदामातून किंवा बंद पडलेल्या बँकेच्या कागदपत्रांतून लागोपाठ क्रमांकाच्या शंभर कोऱ्या नोटांचे पुडके निघते. पुडके ज्याच्या हाती पडते तो शहाणा असेल तर वर्षाला पाच नोटा बाजारात सोडतो आणि घाईत असेल तर सगळ्या एकदम. दोन्ही वेळा किंमत खाली येते, फक्त पहिल्या प्रकारात ती का उतरते आहे हे बराच काळ कुणाच्या लक्षात येत नाही. लिलावांच्या याद्या चाळताना एकाच नोटेचे जवळजवळचे क्रमांक वेगवेगळ्या महिन्यांत दिसू लागले, तर मी ती नोट घेणे थांबवतो. ही सवय मला दोन महागड्या चुकांनंतर लागली आहे.

काही नोटा तर जन्मापासूनच अशा असतात. १९६८-६९ मध्ये नायजेरियातून फुटलेल्या बिआफ्राने काढलेल्या एक पौंडाच्या नोटा आजही कोऱ्या स्थितीत सहज मिळतात, कारण १९७० च्या जानेवारीत ते राज्यच संपले आणि नोटा मागे राहिल्या. कंबोडियात ख्मेर रूजच्या राजवटीने १९७५ च्या नोटा छापून घेतल्या आणि मग पैशाचीच पद्धत बंद केली, त्यामुळे त्या चलनात आल्याच नाहीत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या कॅनाल बँकेच्या सह्या न झालेल्या नोटा दीडशेहून अधिक वर्षे जुन्या आहेत, तरीही स्वस्त आहेत, कारण त्यांचे न वापरलेले अख्खे ताव शिल्लक राहिले. नवा संग्राहक वय पाहून किंमत ठरवतो आणि तिथेच फसतो.

महागाईच्या काळातल्या नोटांचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंनी आहे. १९२२-२३ मधल्या जर्मन मार्कच्या बहुतेक नोटा शंभर वर्षांनीही किरकोळ किमतीला मिळतात. उलट झिंबाब्वेची २००८ सालाची १०० ट्रिलियन डॉलरची नोट पाहा. एकावर चौदा शून्ये असलेली ही नोट जानेवारी २००९ मध्ये चलनात आली आणि काही आठवड्यांतच ते चलन व्यवहारातून गेले. २०१५ मध्ये सरकारने जुन्या नोटा परत घेतल्या तेव्हा या नोटेचे ४० अमेरिकन सेंट मिळत होते. संग्राहकांच्या बाजारात मात्र ती तेव्हाही त्याच्या कितीतरी पट किमतीला जात होती आणि पुढे आणखी चढत गेली. नोट दुर्मीळ नाही. पण नोटा न जमवणाऱ्या माणसालाही ती एक तरी हवीशी वाटते, आणि अशी मागणी कोणताही कॅटलॉग आधी ओळखू शकत नाही. हंगेरीने जुलै १९४६ मध्ये चलनात आणलेली नोट यापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेची, म्हणजे एकावर वीस शून्यांची होती. पण तिच्यावर ती शून्ये छापलेली नाहीत, रक्कम शब्दांत आहे. माझ्या मते सर्वसामान्य माणसाच्या मनात झिंबाब्वेची नोट बसली आणि हंगेरीची बसली नाही, यामागे एवढेच कारण आहे.

प्रतिसाद: नवी घडी

मी नव्यानेच जमवायला लागलो आहे. वरची चर्चा वाचून एक शंका येते. नोट किती छापली याचा आकडा मध्यवर्ती बँका बऱ्याचदा जाहीर करतात. मग छापील संख्या कमी असलेल्या नोटा निवडून ठेवल्या तर किंमत वाढण्याची शक्यता जास्त, असे मानणे बरोबर ठरेल का?

प्रतिसाद: मुद्राशोध

नवी घडी, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. छापलेली संख्या आणि उरलेली संख्या यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा फार सैल असतो. नोट हे मुळात देणे आहे. ज्याच्या हातात ती आहे त्याला ती परत करून तिचे मोल घेता येते तोवर लोक ती परत करतात, आणि परत आलेली नोट नष्ट केली जाते. म्हणून नोट किती छापली यापेक्षा ती परत करण्यात लोकांचा किती फायदा होता, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

आखाती देशांसाठी भारताने १९५९ मध्ये वेगळ्या रंगांत छापलेल्या रुपयाच्या नोटा हे याचे उत्तम उदाहरण आहे. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आणि कतारसह इतरांनी १९६६ मध्ये स्वतःच्या मार्गाने जात त्या बदलून घेतल्या; ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. बदलून घेण्यात प्रत्येकाचा फायदा होता, त्यामुळे नोटा जवळजवळ सगळ्या परत गेल्या. शंभराची नोट मागे ठेवणे कुणाला परवडणार होते? आज तीच सर्वांत दुर्मीळ नोटांपैकी एक आहे आणि एक रुपयाची त्या मानाने बरी मिळते. १९२२-२३ मधल्या जर्मन मार्कच्या बाबतीत नेमके उलटे घडले. परत करून काही मिळणारच नव्हते, म्हणून नोटा घराघरांत राहिल्या.

याला जोडूनच एक मुद्दा आहे ज्याकडे किमतींच्या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. जी नोट अजून बँकेत बदलून मिळते, तिच्या किमतीला खालून आधार असतो. अमेरिकेच्या ५०० आणि १,००० डॉलरच्या नोटा १९४५ नंतर छापल्या गेल्या नाहीत आणि १९६९ मध्ये त्यांचे वितरण बंद झाले, पण त्या आजही वैध आहेत. थोडीफार फाटकी असली तरी अशी नोट दर्शनी मूल्याखाली जात नाही. १९४८ नंतरचा जर्मन मार्क (डॉइच मार्क) बुंडेसबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, आजही मुदतीविना बदलून देते. इटलीने मात्र युरोच्या आधीचे आपले चलन लिरा बदलून देणे डिसेंबर २०११ मध्ये अचानक थांबवले आणि मोठ्या रकमेच्या लिरा नोटांचा तो आधार एका दिवसात गेला. स्वित्झर्लंडमध्ये याच्या उलट झाले. तिथल्या सहाव्या मालिकेच्या नोटांची वीस वर्षांची मुदत २०२० मध्ये संपणार होती, पण कायदा बदलून ती मुदतच काढून टाकली, त्यामुळे त्या नोटा आता कधीही बदलता येतात. पाचव्या मालिकेच्या नोटांची मुदत मात्र २००० मध्येच संपून गेली होती. या दोन मालिकांच्या कमी दर्जाच्या नोटांच्या किमती शेजारी ठेवल्या तर कायद्यातले एक वाक्य किमतीत कसे उतरते ते दिसते. त्यामुळे आधुनिक नोटांचा विचार करताना मी कॅटलॉग उघडण्याआधी ती बदलून मिळते का, आणि कुठवर, हे पाहतो.

प्रतिसाद: कागदवेल

जलचिन्ह यांच्या सूचनेप्रमाणे मी दोन रात्री बसून वाढ दाखवणाऱ्या नोटा पुन्हा तपासल्या. त्यातली एक हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

चौदा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून यूएनसी म्हणून घेतलेली, १९५० च्या दशकातली एक मोठ्या आकाराची नोट माझ्याकडे आहे. तिची यूएनसीची किंमत दोन आवृत्त्यांमध्ये जवळजवळ तिप्पट झाली आहे आणि माझ्या पाचव्या रकान्यातली सर्वांत मोठी वाढ तिचीच होती. पाकिटातून काढून तिला समोरून दिव्याखाली धरले तेव्हा ती पूर्वीसारखीच निर्दोष दिसली. मग दिवा टेबलाच्या पातळीवर आणून उजेड बाजूने पाडला. मधोमध उभी अशी केसाएवढी एक राखाडी रेघ दिसली. कागद तिथे उंच किंवा खोल नव्हता, फक्त त्याचा पोत मोडलेला होता. चित्राच्या चेहऱ्यावरून बोटाचे टोक अगदी हलके फिरवले. त्याच मालिकेच्या दुसऱ्या, स्वस्त नोटेवर शाईचे उंचवटे बोटाला स्पष्ट लागतात; या नोटेवर सगळे सपाट होते. शेवटी अतिनील दिव्याखाली धरली तर कागदाची एक बाजू निळसर पांढरी उजळली, जे नोटेच्या कागदाने करू नये. नोट कधीतरी धुऊन दाबून सरळ केलेली होती. आता तिला मी फार तर व्हीएफ म्हणेन, तेही दुरुस्तीची नोंद करून.

चौदा वर्षे ही नोट माझ्याकडे होती आणि दर आवृत्तीला तिच्यासमोरचा आकडा वाढलेला पाहून मला समाधान वाटत होते. त्या व्यापाऱ्याला तेव्हा हे माहीत होते की नव्हते, हे आता ठरवता येणार नाही. पण वहीतली तिप्पट वाढ माझ्या नोटेची नव्हतीच. ती कुठल्यातरी दुसऱ्या, खरोखर कोऱ्या नोटेची होती.

प्रतिसाद: जलचिन्ह

वाईट वाटले, पण आपण हे लिहिलेत म्हणून आभार. धुतलेल्या आणि दाबलेल्या नोटांमुळेच स्वतंत्र संस्थेकडून दर्जा ठरवून घेण्याची पद्धत वाढली. पीएमजी ही संस्था २००५ मध्ये सुरू झाली. तिथे नोट बंद पाकिटात घालून तिला ७० पैकी अंक देतात. ही ७० ची मोजपट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडलेली आहे, आणि नाण्यांकडून ती कागदाकडे आली. कागदाचा मूळ पोत शाबूत असेल तर ‘ईपीक्यू’ असा शेरा मिळतो आणि त्याशिवाय ६५ किंवा त्यावरचा अंक मिळतच नाही. आपल्या नोटेला हा शेरा कधीच मिळाला नसता.

पण या पद्धतीने किमतींचे गणित आणखी गुंतागुंतीचे केले आहे, हेही सांगितले पाहिजे. कॅटलॉगच्या यूएनसी या एका रकान्यात आता ६० पासून ७० पर्यंतचे अंक येतात. एकाच नोटेच्या ६३ आणि ६७ या दोन प्रतींच्या लिलावातल्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो, आणि कॅटलॉग दोघींना एकच आकडा लावतो. संस्था कोणत्या नोटेच्या किती प्रतींना कोणता अंक दिला याची संख्या जाहीर करते. ‘सर्वांत वरच्या अंकाची एकच नोट’ हे वाचून लोक भरमसाठ बोली लावतात. ही संख्या पाठवलेल्या नोटांची आहे, जगातल्या नोटांची नव्हे, हे विसरले जाते. स्वस्त आणि विपुल असलेली नोट पाठवण्याचा खर्च कुणी करत नाही, म्हणून तिथे ती दुर्मीळ दिसते. किंमत वाढली की लोक ड्रॉवरमधल्या नोटा काढून पाठवतात आणि दोन वर्षांत ‘एकच’ चे ‘तीस’ होतात. अंकासाठी मोजलेले पैसे अशा वेळी सर्वांत आधी बुडतात.

प्रतिसाद: पानगळ

मग कॅटलॉगमधल्या किमती छापूच नयेत, फक्त क्रमांक आणि वर्णने छापावीत, असे मला आता प्रामाणिकपणे वाटू लागले आहे. वहीतल्या आकड्यांवर विसंबून माणसे आयुष्याची बचत यात घालतात. लिलावात लागलेल्या किमती आज सगळ्यांना पाहता येतात. दर्जा चुकलेला, तारीख जुनी आणि बाजू विक्रेत्याची, असा आकडा हवा कशाला?

प्रतिसाद: सातवी आवृत्ती

पानगळ, मी असहमत आहे, आणि कारण सांगतो. किमतीचा आकडा एकटा वाचला तर दिशाभूल करतो हे खरे, पण एकाच पानावरचे आकडे एकमेकांच्या तुलनेत वाचले तर ते फार मोलाचे असतात. कॅनडाच्या १९५४ च्या मालिकेचे उदाहरण घ्या. नोटेवरच्या राणी एलिझाबेथच्या केसांतल्या छटांमध्ये कानामागे एक दात विचकणारा चेहरा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून १९५६ मध्ये मुद्रणपट्ट्या बदलून ती जागा गडद केली. आधीच्या नोटांना ‘डेव्हिल्स फेस’ म्हणतात. एखाद्या नवख्या माणसाच्या हातात त्या मालिकेची नोट आली तर दोन्ही प्रकार त्याला सारखेच दिसतील. पण कॅटलॉगमध्ये एकाच मूल्याच्या दोन ओळी आणि त्यांपुढचे वेगवेगळे आकडे दिसले की तो थांबतो, भिंग घेतो आणि केसांकडे पाहतो. कोणत्या सहीची, कोणत्या रंगाच्या शिक्क्याची, बदली क्रमांकाची (छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली) नोट वेगळी मानायची, हे किमतीतला फरकच शिकवतो. आकडा उद्या चुकीचा ठरेल, पण या दोन नोटांमध्ये फरक आहे ही माहिती चुकीची ठरणार नाही.

लिलावातल्या किमती हेच अंतिम सत्य, हेही मला मान्य नाही. १८९० सालची अमेरिकेची १,००० डॉलरची ‘ग्रँड वॉटरमेलन’ नोट जानेवारी २०१४ मध्ये ३२ लाख ९० हजार डॉलरला गेली. हा आकडा सगळीकडे दिला जातो, पण त्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेली वाढीव रक्कम धरलेली आहे. विकणाऱ्याच्या हाती किती आले हा वेगळा हिशेब आहे. मागच्या बाजूचे मोठे शून्य कलिंगडासारखे दिसते म्हणून पडलेले ते नाव आणि बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या प्रती, यांमुळे तिच्यासाठी भांडणारे दोन श्रीमंत संग्राहक पुरेसे असतात. त्यातला एक पुढच्या वेळी आला नाही तर किंमत वेगळी दिसेल. साध्या नोटांच्या बाबतीतही एका लिलावातली एक किंमत म्हणजे त्या दिवशी दोन माणसांमध्ये काय घडले त्याची नोंद. त्याच दर्जाच्या चार-पाच विक्री, दोन-तीन वर्षांत पसरलेल्या, आणि न विकल्या गेलेल्या नोटांची नोंद, एवढे हाती असेल तर काही म्हणता येते. न विकली गेलेली नोट बहुतेक जण विचारातच घेत नाहीत.

प्रतिसाद: नवी घडी

न विकल्या गेलेल्या नोटेवरून काय समजावे?

प्रतिसाद: सातवी आवृत्ती

एवढेच की तळाची किंमत, म्हणजे जिच्याखाली नोट द्यायची नाही असे ठरलेले असते ती, त्या दिवशी कुणालाही पटली नाही. तीच नोट तीन लिलावांत उतरत्या तळाच्या किमतीला फिरताना दिसली, तर बाजार खाली चालला आहे हे कॅटलॉगच्या पुढच्या आवृत्तीआधी आपल्याला कळते.

प्रतिसाद: मुद्राशोध

एक छोटी भर. कॅटलॉगच्या आकड्यांचे चलन कोणते हे नेहमी लक्षात ठेवावे. डॉलरमध्ये छापलेली किंमत तशीच राहिली आणि दरम्यान आपल्या चलनाचा दर घसरला, तर वहीत वाढ दिसते. पण डॉलरमध्ये व्यवहार करणाऱ्या संग्राहकाला मात्र काहीच वाढलेले दिसत नाही. डॉलरमध्येही अकरा वर्षांत न हललेली किंमत म्हणजे महागाई वजा करता उतरलेली किंमत होय.

प्रतिसाद: कागदवेल

सर्वांचे मनापासून आभार. वहीत मी आता पुढीलप्रमाणे बदल केले आहेत, आणि त्यात काही राहिले असेल तर अवश्य सांगावे.

कॅटलॉगच्या किमतीचा रकाना ठेवला आहे, पण त्यावर आवृत्ती कोणत्या वर्षाची ते प्रत्येक ओळीत लिहितो आहे आणि बेरीज करणे बंद केले आहे. दर्जाचा रकाना पुसून पुन्हा भरतो आहे. या वेळी शेजारी कारणही लिहितो, म्हणजे ‘मध्ये एक हलकी घडी, उजव्या खालच्या कोपऱ्यावर मोजणीची दुमड, टाचणीची दोन भोके’ असे. नोट अजून बदलून मिळते का, याचा रकाना मुद्राशोध यांच्यामुळे नवा आला. शेवटच्या रकान्यात त्याच दर्जाच्या प्रत्यक्ष विक्री, जास्तीत जास्त पाच, तारखेसह. जिथे तीनपेक्षा कमी विक्री सापडतात तिथे मी आकडा न लिहिता जागा मोकळी सोडतो. आतापर्यंत साठ नोटा झाल्या आहेत आणि त्यांतल्या तेवीस जागा मोकळ्या आहेत. त्या तेवीस नोटांपुढे अकरा वर्षांपूर्वीही कॅटलॉगचा एक ठाम आकडा होता आणि आजही आहे.

त्या धुतलेल्या नोटेच्या ओळीत मी पिक क्रमांक तसाच ठेवला आहे, दर्जा ‘व्हीएफ, धुतलेली, दाबलेली’ असा लिहिला आहे आणि अतिनील दिव्याखाली काढलेला तिचा फोटो पाकिटामागे लावला आहे, म्हणजे माझ्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याला हे पुन्हा शोधावे लागणार नाही.